शाळेच्या पेपरात खो-खोची बातमी लिहायला मुलांना कसं शिकवायचं?

चाफेकळी | रविवार, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. मी सांगली जिल्ह्यात तालुक्याच्या गावी शाळेत मराठी शिकवते, आठवी ते दहावी. यंदा जूनपासून आम्ही मुलांचा महिन्याचा पेपर सुरू केलाय. ए-थ्री कागद मधे दुमडला की चार पानं होतात, झेरॉक्सवर दीडशे प्रती काढतो. कविता, कोडी, सहलीचं वर्णन हे सगळं मुलं आपापलं लिहून आणतात, अडचण येते ती खेळाच्या पानाची. मागच्या आठवड्यात आमच्या १७ वर्षांखालच्या मुलींची तालुक्याला खो-खोची मॅच झाली, एका गुणाने हरल्या. नववीतल्या एका मुलीला मी बातमी लिहायला पाठवलं होतं, हुशार आहे, निबंधात वर्गात पहिली. तिने लिहून आणलेली सुरुवात अशी:

"तालुका क्रीडा संकुलाच्या भव्य मैदानावर मान्यवरांच्या शुभहस्ते श्रीफळ वाढवून स्पर्धेचे दिमाखदार उद्घाटन झाले. याप्रसंगी मान्यवरांनी खेळाचे महत्त्व विशद केले. आपल्या संघाने अटीतटीच्या लढतीत शर्थीची झुंज दिली परंतु नशिबाने साथ दिली नाही."

एक पान भरून लिहिलंय पण स्कोअर किती ते शेवटून दुसऱ्या ओळीत आहे. तिला काय सांगू तेच कळेना, कारण चूक अशी कुठेच नाही, भाषा शुद्ध आहे, आणि मी स्वतः आयुष्यात खेळाची बातमी लिहिलेली नाही. इथे कुणी पेपरात काम केलेलं असेल, खेळलेलं असेल, तर सांगा प्लीज. मुलांना पटेल असं हवंय.

सोनटक्का | रविवार, रात्री १०:०५

छान उपक्रम. वाचतेय.

जुना वार्ताहर | रविवार, रात्री ११:२८

चाफेकळी ताई, तुमच्या विद्यार्थिनीने जे लिहिलंय ते तिने ऐकून ऐकून उचललंय, तिचा दोष नाही. आपल्याकडे शाळेतला प्रत्येक कार्यक्रम नारळापासून सुरू होतो म्हणून बातमीही नारळापासून सुरू होते. मी एका जिल्हा दैनिकासाठी अकरा वर्षं शालेय स्पर्धा केल्या, सुरुवातीला फॅक्सने बातम्या पाठवायचो, दिवसाला चार-चार मैदानं, संध्याकाळी साताच्या आत मजकूर गेला पाहिजे आणि जागा मिळायची जेमतेम बोटभर. तेव्हा आमच्या डेस्कवरच्या साहेबांनी एक सवय लावली. ते म्हणायचे, मैदानावरून घरी आलास, आई भाकरी थापतेय, तिने विचारलं काय झालं रे, तर पहिलं वाक्य काय बोलशील? तेच लिही.

आईला कुणी "मान्यवरांच्या शुभहस्ते" असं सांगत नाही, "एका पॉइंटने गेली गं मॅच" असं सांगतो. तीच पहिली ओळ.

पत्रकारितेत सहा ककार शिकवतात, कोण, काय, कुठे, कधी, का, कसं. शाळेच्या पेपरात पहिले चार वाचकाला आधीच ठाऊक असतात, अख्ख्या शाळेला दुसऱ्या दिवशी प्रार्थनेच्या वेळीच निकाल कळलेला असतो आणि तुमचा पेपर येतो महिन्याने. म्हणून ते चार दोन ओळींत उरकायचे आणि सगळा जीव "कसं" आणि "का" मधे ओतायचा. रोजच्या दैनिकापेक्षा इथे हा मोठा फरक आहे.

दुसरं म्हणजे वही. तिला विचारा मॅच चालू असताना तिने काय काय लिहून घेतलं होतं. मला वाटतं काहीच नसेल. मग घरी बसून लिहिताना हाताशी फक्त "शर्थीची झुंज" उरते, ते लिहायला मैदानावर जायलाच लागत नाही.

वि. वि. करमरकरांचं नाव मुलांना जरूर सांगा. मराठी दैनिकात खेळाला स्वतःचं पान मिळालं त्यात त्यांचा वाटा फार मोठा, आम्ही त्यांची पानं कापून ठेवून शिकलो.

शिट्टी | सोमवार, सकाळी ६:५०

मी पीटी शिक्षक आहे, २२ वर्षं झाली. जुना वार्ताहर सरांना पूर्ण अनुमोदन. वहीबद्दल थोडं भर घालतो.

खो-खोत बघणाऱ्याची गडबड उडते कारण एकाच वेळी नऊ जणी आक्रमणाला असतात, आठ बसलेल्या आणि एक पळणारी, आणि समोर तीन-तीनच्या तुकडीने संरक्षण करणाऱ्या. नवीन पोरगं सगळंच बघायला जातं आणि काहीच हाती लागत नाही. मी सांगतो की पानावर तीन उभे रकाने पाडा: वेळ, कोण बाद झाली, कशी बाद झाली. बस. "१.५० / ४ नंबर / खांबावर." "२.४० / ११ नंबर / सूर मारून." एवढं जरी नऊ मिनिटं लिहिलं तरी मॅचचा सांगाडा हातात येतो. नंबर लिहायचे, नावं नंतर यादीवरून घ्यायची, मैदानावर नाव शोधत बसलात तर पुढची बाद निसटते.

आणि सगळ्यात सोपी गोष्ट, गुणलेखकाकडे गुणपत्रक असतंच, त्यात वेळेसकट सगळं लिहिलेलं असतं. मॅच संपून सह्या झाल्या की नम्रपणे विचारायचं, "सर, फोटो काढू का?" पोरांनी विचारलं की कुणी नाही म्हणत नाही, उलट कौतुकाने समजावून सांगतात.

चाफेकळी | सोमवार, दुपारी ४:१५

किती छान सांगितलंत दोघांनी, मनापासून आभार. आजच तिला विचारलं, वही नव्हतीच. आमच्या क्रीडा शिक्षकांकडे गुणपत्रकाचा फोटो मात्र आहे!

पण आता एक गोष्ट सांगते जी मी काल लिहिली नव्हती, आणि खरं तर त्यामुळेच मला हा धागा काढावासा वाटला. तिच्या बातमीतलं शेवटचं वाक्य असं होतं: "अखेरच्या क्षणी ७ नंबरच्या खेळाडूने केलेल्या चुकीमुळे आपला संघ पराभूत झाला." कागद टेबलावर होता, दहावीतली ती ७ नंबरची मुलगी वह्या ठेवायला स्टाफरूममधे आली आणि तिने तो वाचला. काही बोलली नाही, वह्या ठेवल्या आणि गेली. दुसऱ्या दिवशीपासून सकाळच्या सरावाला येत नाहीये. लिहिणाऱ्या मुलीला कळल्यावर तीही रडली, म्हणाली बाई मी खरं तेच लिहिलं ना. मला दोघींचंही वाईट वाटतंय आणि उत्तर सापडत नाहीये.

निर्भीड | सोमवार, सायं ६:३०

तिचा प्रश्न बरोबर आहे. चूक झाली असेल तर लिहायला नको का? सगळं गोड गोड लिहायला शिकवलं तर पत्रकार नाही, सत्काराचं मानपत्र लिहिणारे तयार होतील. माझं स्पष्ट मत, राग मानू नका.

खांबापाशी | सोमवार, रात्री ९:०२

मी शाळेत आणि कॉलेजात खो-खो खेळले, विद्यापीठापर्यंत. ताई, त्या पत्रकातल्या वेळा टाकता का इथे? नावं नकोत, नुसते नंबर आणि वेळा. शेवटच्या क्षणाची ही जी गोष्ट आहे ती मला पटत नाहीये.

चाफेकळी | सोमवार, रात्री ९:४८

टाकते. समोरच्या शाळेचं आक्रमण आधी होतं.

पहिला डाव: त्यांनी आपले ६ बाद केले. आपली पहिली तुकडी १ मिनिट ५० सेकंदांत तिघीही बाद. दुसरी तुकडी ६ मिनिटं १० सेकंदांवर संपली, तिसरी नाबाद. मग आपण त्यांचे ४ बाद केले.
दुसरा डाव: त्यांनी आपले ४ बाद केले. आपली पहिली तुकडी ४ मिनिटं २० सेकंद टिकली, तिच्यात शेवटी बाद झाली ती ७ नंबर. मग आपल्या आक्रमणात ५ बाद.
एकूण १०-९.

७ नंबर शेवटच्या वीस सेकंदांत आक्रमणाला होती, खांबाच्या दिशेने निघाली आणि मागे वळली म्हणून पंचांनी फाउल दिला, तिला उलट्या बाजूला जावं लागलं आणि समोरची निसटली. वेळ संपली.

खांबापाशी | सोमवार, रात्री १०:३५

हे बघा. मॅच शेवटच्या वीस सेकंदांत गेलेलीच नाही, ती पहिल्या एक मिनिट पन्नास सेकंदांत गेली. नऊ मिनिटांच्या डावात पहिली तुकडी दोन मिनिटांच्या आत गेली की पुढच्या सहा जणींवर सात मिनिटं काढायची वेळ येते. तरी दुसऱ्या तुकडीने साडेचारच्या आसपास काढले म्हणजे १ मिनिट ५० पासून ६ मिनिटं १० पर्यंत, चार मिनिटं वीस सेकंद, त्यांनी संघ सावरला. आणि दुसऱ्या डावात पहिल्याच तुकडीने तेवढीच वेळ काढली ती कुणामुळे, ७ नंबरमुळे! आपल्या दोन साथीदार बाद झाल्यावर एकटीने पळणं काय असतं ते पळलेल्यालाच माहीत, पोटात गोळा येतो, पाठीमागून "खो" ऐकू येतो आणि कोण उठलीय ते बघायला वेळ नसतो. ती तेव्हा अजून अर्धा मिनिट आधी बाद झाली असती तर कदाचित मॅच शेवटपर्यंत रंगलीच नसती.

आणि शेवटी ती मागे का वळली? सव्वाचार मिनिटं पळून आल्यावर थोडीच विश्रांती मिळते आणि मग पुन्हा नऊ मिनिटं आक्रमण. पायात गोळे आलेले असणार. ह्यातलं काहीही बातमीत नाही. फाउल झाला हे खरं आहे, पण त्या फाउलमुळेच हरलो हे खरं नाही. निर्भीड, तुमच्या प्रश्नाचं माझ्यापुरतं हे उत्तर आहे.

निर्भीड | सोमवार, रात्री ११:१०

पटलं. वेळा बघितल्यावर चित्र वेगळं दिसतं. मी आधी बघायला हवं होतं.

जुना वार्ताहर | मंगळवार, सकाळी ८:२०

खांबापाशी ताईंनी जे केलं तेच तुमच्या विद्यार्थिनीला शिकवा, हीच खरी बातमीदारी. शेवटी घडलेलं डोळ्यासमोर राहतं आणि आधी घडलेलं विरून जातं, म्हणून वही पाहिजे.

फाउल लिहायचा का, तर हो, लिहायचा. लपवला तर मैदानावर असलेल्या पन्नास जणांना कळेल की लपवलंय. फक्त क्रियापद बघून वापरायचं. "खांबाकडे निघालेली ७ नंबर मागे वळली, पंचांनी फाउल दिला" ही घडलेली गोष्ट. "चुकीमुळे पराभूत झाला" हा निवाडा, आणि निवाडा द्यायला पुरावा लागतो. मोठ्या पेपरात आपण ज्याच्याबद्दल लिहितो तो आपल्याला कधी भेटत नाही, शाळेच्या पेपरात तो दुसऱ्या दिवशी डब्याला शेजारी बसतो. म्हणून इथे जास्त नेटकं लिहावं लागतं.

"धूळ चारली", "लोळवलं", "अस्मान दाखवलं", "दाणादाण उडवली" हे पंधरा वर्षांच्या मुलींबद्दल लिहू नये असं माझं ठाम मत आहे. कुस्तीत चीतपट हा खरा निकाल आहे, तिथे तो शोभतो. खो-खोत कुणी कुणाला धूळ चारत नाही.

कल्याणकर | मंगळवार, सकाळी १०:४५

वार्ताहर काकांच्या ह्या शेवटच्या मुद्द्यावरून आठवलं. जानेवारी २०१६ मधे आमच्या कल्याणला आंतरशालेय भंडारी कप स्पर्धेत प्रणव धनावडेने नाबाद १००९ धावा केल्या, संघाच्या ३ बाद १४६५. जगभर बातमी गेली. समोरच्या संघाच्या धावा होत्या ३१ आणि ५२. तेव्हा मी माझ्या भाच्याला विचारलं होतं की समजा त्या दुसऱ्या शाळेचा पेपर असता आणि तू त्याचा वार्ताहर असतास तर तू काय लिहिलं असतंस? तो बराच वेळ विचार करत बसला आणि म्हणाला, मी फिल्डिंगबद्दल लिहिलं असतं, एवढा वेळ उन्हात उभं राहून बॉल आणणाऱ्या मुलांबद्दल. मला ते उत्तर अजून आवडतं. हरलेल्या बाजूचीही बातमी असते, ती शोधायला लागते.

दहावी_ब | मंगळवार, दुपारी १:१२

मी दहावीत आहे, आईच्या मोबाइलवरून लिहितेय. मी पण आमच्या शाळेच्या भित्तिपत्रकात खेळाचं लिहिते. माझा प्रॉब्लेम असा आहे की मॅच झाल्यावर खेळाडूंना विचारलं तुला कसं वाटतंय तर सगळे म्हणतात छान वाटतंय किंवा वाईट वाटतंय, मग पुढे काय लिहायचं तेच कळत नाही आणि हरलेल्यांना विचारायची तर भीतीच वाटते.

जुना वार्ताहर | मंगळवार, दुपारी ३:००

बाळा, फार चांगला प्रश्न विचारलास. "कसं वाटतंय" ह्याला उत्तर एकच शब्दाचं येणार. त्याऐवजी एक क्षण पकड आणि त्याच्याबद्दल विचार. "तू खांबाकडे निघालीस तेव्हा ती कुठे होती?" "कुणाचा आवाज ऐकू आला?" "सरांनी विश्रांतीत काय सांगितलं?" माणसाला भावना सांगता येत नाहीत पण काय दिसलं ते सांगता येतं, आणि ते सांगताना भावना आपोआप येते. हरलेल्या खेळाडूला लगेच गाठू नकोस, पाणी पिऊ दे, बूट काढू दे, शेजारी जाऊन बस. बोलायचं नाही म्हणाली तर तेही मान्य कर. आणि ती जे बोलली ते तसंच लिही, सुधारून छापील करू नकोस. "लय दमलो होतो" म्हणाली असेल तर "मी अतिशय थकले होते" लिहू नकोस.

शिट्टी | मंगळवार, रात्री ८:४०

आकड्यांबद्दल एक राहिलं, पुढे ॲथलेटिक्स येतील म्हणून सांगतो. शाळेत आपण हातातल्या स्टॉपवॉचने वेळ घेतो. त्यावर १३.४२ दिसलं तरी हाताने घेतलेली वेळ एका दशांशापर्यंतच धरतात आणि वरच्या बाजूला नेतात, म्हणजे १३.५ लिहायचं. मुलं उत्साहाने शंभरांश छापतात, ते बरोबर नाही. शंभरांश किती मोलाचा असतो ते त्यांना सांगा: १९८४ ला लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं ब्राँझ एक शतांश सेकंदाने गेलं, आणि बीडच्या आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा अविनाश साबळे २०२२ ला राष्ट्रकुलमधे सोन्यापासून ०.०५ सेकंद लांब राहिला, तीन हजार मीटर पळून. आठ मिनिटं ११.२० सेकंद. असे आकडे यंत्राने मोजलेले असतात म्हणून लिहिता येतात.

खो-खोतही जपून. २०२५ च्या जानेवारीत दिल्लीला पहिला वर्ल्ड कप झाला, आपल्या मुलींनी फायनलला नेपाळला ७८-४० हरवलं, कॅप्टन प्रियंका इंगळे. मुलं विचारतात सर आपले १०-९ आणि त्यांचे ७८ कसे? तिथे सात-सात जणी आणि गुण मोजायची पद्धतच वेगळी. दोन्ही आकडे शेजारी ठेवून तुलना करू नये, नाहीतर आपल्या पोरी कमी पडल्या असा अर्थ निघतो.

सोनटक्का | मंगळवार, रात्री ९:१५

धागा बुकमार्क केलाय. आमच्या शाळेत दाखवणार.

चाफेकळी | शनिवार, सायं ५:३०

उशिरा येतेय, पेपरच्या गडबडीत होते. काय काय झालं ते सांगते.

बुधवारी मी लिहिणारीला गुणपत्रकाची प्रिंट दिली आणि खांबापाशी ताईंनी लिहिलेलं फक्त शेवटचं सोडून वाचून दाखवलं, म्हटलं बघ तुझं तुला काय सापडतं. तिने पेन्सिलने १.५० ला गोल केला, मग ४.२० ला, आणि बराच वेळ गप्प बसली. मग स्वतःच म्हणाली, बाई, मी तायडीला भेटून येऊ का? (७ नंबरला सगळ्या तायडीच म्हणतात.) मधल्या सुट्टीत दोघी ग्राउंडच्या कट्ट्यावर बसलेल्या मी खिडकीतून बघितल्या. दोघींच्या मधे ते पत्रक आणि डबा. वीस मिनिटं बोलत होत्या, ७ नंबर हाताने जमिनीवर रेघा ओढून काहीतरी दाखवत होती.

जी बातमी छापली ती अशी, नावं काढून देतेय:

"शेवटच्या नऊ मिनिटांत आपल्याला जिंकायला सात गडी बाद करायचे होते, पाच झाले. तालुका स्पर्धेत १७ वर्षांखालील मुलींचा आपला संघ १०-९ असा एका गुणाने हरला.

पहिल्या डावात आपली पहिली तुकडी १ मिनिट ५० सेकंदांत बाद झाली, तिथे मॅच अवघड झाली. दुसऱ्या तुकडीने ४ मिनिटे २० सेकंद काढले. दुसऱ्या डावात ७ नंबर पहिल्या तुकडीतून उतरली आणि तिनेही नेमके ४ मिनिटे २० सेकंद संरक्षण केले, त्यातला शेवटचा सव्वा मिनिट एकटीने. 'मला फक्त आमच्या सरांचं मोजणं ऐकू येत होतं,' ती म्हणाली.

शेवटची वीस सेकंदं असताना तीच आक्रमणाला होती. खांबाकडे निघाली आणि मागे वळली. पंचांनी फाउल दिला. 'समोरची डावीकडे जाईल असं मला वाटलं, ती थांबली. मी पण थांबले. तिथे थांबायचं नसतं, मला माहीत होतं, पण पाय वळले.' समोरच्या शाळेची शेवटची संरक्षक नाबाद राहिली, तिने मॅच संपल्यावर येऊन ७ नंबरचा हात धरून तिला उठवले."

शेवटची ओळ माझ्या विद्यार्थिनीला आधीपासून माहीत होती, तिने ती डोळ्यांनी बघितली होती! पण पहिल्या वेळी लिहावीशी वाटली नव्हती, कारण तिला वाटलं की हे बातमीत येत नसतं. उद्घाटन आता पान चारवर एका ओळीत आहे.

आज सकाळी पेपर वाटला. ७ नंबर गुरुवारपासून सरावाला येतेय. तिने दोन प्रती मागून घेतल्या, एक तिच्या आजीला द्यायचीय म्हणाली, आजी वाचत नाही पण कपाटात ठेवते.

खांबापाशी | शनिवार, सायं ६:१०

"पाय वळले" वाचून अंगावर काटा आला. अगदी अस्संच होतं. त्या लिहिणारीला माझ्याकडून शाबासकी द्या, आणि तायडीलाही.

जुना वार्ताहर | शनिवार, रात्री ८:००

ताई, ह्या बातमीला मी डेस्कवर असतो तर एक शब्द बदलला नसता. बाय-लाइन दिलीत ना तिला?

चाफेकळी | शनिवार, रात्री ८:२५

दिली सर, नाव आणि वर्ग दोन्ही. आता पुढच्या अंकाला मुलांची कबड्डी आहे आणि लिहायला आठवीतला एक मुलगा तयार झालाय, वही त्याने आधीच आखलीय. त्याला विचारायचंय की लोण कुठल्या रकान्यात लिहू?

शिट्टी | शनिवार, रात्री ८:५०

लोणाला वेगळा रकाना नको, त्याच ओळीत लाल पेनाने वेळ लिहायला सांगा आणि त्या वेळचा स्कोअर. अख्खा संघ बाद, वरचे दोन गुण, आणि सातही जण पुन्हा आत येतात, तिथे मॅच फिरते. बातमी लिहायला बसला की आधी लाल ओळी वाचायच्या. आणि त्याला म्हणावं चढाई करणाऱ्याकडेच बघत बसू नको, कोपऱ्यातल्या दोघांचे पाय बघ.